हाव मॅडम

आमच्या भोकरकडं होकार द्यायचा तर 'हाव' म्हणतात. लातूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला गेले तेव्हा तो शब्द माझ्यासोबतच आला. वर्गात कुणाला खटकला न्हाई. कोरोनात तास ऑनलाइन झाले अन् कुणीतरी माझा 'हाव' रेकॉर्ड करून ठेवला.

मी विचारायचे, "आवाज येऊन राहिला का?" पोरांऐवजी माझाच आवाज उत्तर द्यायचा, "हाव." मग खसखस पिकायची. एक जण 'हाव मॅडम' असं नाव लावूनच तासाला यायचा. काढलं की परत हजर. एकदा चॅटमध्ये आलं, 'मॅडमला एवढी कशाची हाव?' मी मागणी-पुरवठा शिकवत राहिले. खरं तर लई राग यायला पाहिजे होता. मी वाट पाहिली, आला न्हाई.

विभागप्रमुख सरांना फोन केला. ते म्हणाले, "पोरं आहेत हो. तुम्हीच जरा शुद्ध बोला ना." माणूस भला, जेवण झालं का तेही विचारलं.

मग लॅपटॉपच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: होय. 'राहिला', 'राहिली' बंद. खोलीतली मैत्रीण पुण्याची, दिवसभर तिच्यासारखंच बोलायची सवय केली. आईचा फोन आला की कधी ती उचलायची, कधी मी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतात. माझी महिनाभरात गेली. पोरंही कंटाळली. आता "समजलं का?" विचारलं की सगळे माइक बंदच राहायचे.

एका रविवारी आईचा फोन मी उचलला.

"जेवणं झाली का बाई?"

"होय, आत्ताच झाली. भांडी घासते आहे."

आईचा सूर बदलला. मग अदबीनं म्हणाली, "बरं बाई, माझ्या लेकीला द्या की जरा फोन."

ती चेष्टा करून राहिली नव्हती. आये, मीच हाय, एवढंच म्हणायचं होतं. आता लिहिताना हातातून उतरतंय, तेव्हा तोंडातून निघालं न्हाई.

"होय, देते," मी म्हणाले, अन् फोन दुसऱ्या कानाला लावला.