बाईचं पाचवं पिल्लू

बाबांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. आधीच्या मालकांनी ठेवलेलं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना, आणि नवीन ठेवायचं म्हणजे ती आपल्या घरातली आहे असं कबूल करावं लागलं असतं. म्हणून ते तिला बाई म्हणायचे. "बाई दारात आडव्या झाल्यात, मी कुठून जाऊ?" असं मला विचारायचे. हळूहळू माझ्याही तोंडात तेच बसलं.

आई गेल्यानंतर मी बाबांना खडकीहून वारज्याला माझ्याकडे आणलं होतं. घरात आम्ही दोघंच. मी खराडीला एका कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. माप घ्यायचं, वहीत लिहायचं, सही करायची, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. दर रविवारी ते खडकीच्या विहारात जात आणि परत येताना जरा उजळलेले असत. एरवी आठवडाभर वर्तमानपत्र आणि खिडकी.

बाई आमच्या तळमजल्यावरच्या भाडेकरूंची. कंपनीत काम करणारी दोन पोरं होती, बदली झाली तशी रातोरात सामान घेऊन गेली आणि कुत्री वॉचमनच्या खोलीबाहेर राहिली. साधी गावठी, बदामी रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. तीन दिवस ती त्यांच्या बंद दारासमोर बसून होती. चौथ्या दिवशी मी तिला वर आणलं.

"मला मान्य नाही," बाबा म्हणाले. "पण घर तुझं आहे."

महिनाभरात तिचं पोट दिसायला लागलं. मला वाटलं, माझ्या हातचा दहीभात मानवला. जवळच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी पोटावरून हात फिरवला आणि हसल्या. "मानवलाय खरा. पण त्याला पायही फुटलेत." शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढला तेव्हा बाबा बरोबर होते, केवळ मला पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून. डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडात धरली. बाबांनी चष्मा पुसून बोट टेकवत मोजलं. "पाच डोकी आहेत." डॉक्टरबाई म्हणाल्या, "चार नक्की दिसतायत, पाचवं असेल कदाचित." "कदाचित नाही, पाच," बाबा म्हणाले.

सोसायटीच्या सेक्रेटरींना बातमी लागायला वेळ लागला नाही. जिन्यात भेटले तेव्हा अगदी अदबीनं म्हणाले, "अहो, परवानगी आपण एका कुत्रीची घेतली होती. तिच्या कुटुंबाचा अर्ज वेगळा करणार का?" मी काही बोलायच्या आत बाबा मागून म्हणाले, "करू ना. जन्माचे दाखले जोडून करू." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हे आता बाईच्या बाजूनं आहेत.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, शेवटचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. एरवी एकशे एकच्या आसपास असतो, नव्व्याण्णवच्या खाली उतरला की चोवीस तासांत पिल्लं. थर्मामीटर कुठे लावायचा हे कळल्यावर बाबा म्हणाले, "हे काम मी करणार नाही." दुसऱ्या दिवशी मी आंघोळीहून आले तर ते जमिनीवर फतकल मारून बसलेले, एका हातात बाईची शेपटी, दुसऱ्या हातात थर्मामीटर, आणि बाजूला उघडी वही. मला बघून म्हणाले, "तुझं रीडिंग चुकत होतं. पूर्ण मिनिटभर धरायला हवं."

फ्रिजच्या खोक्याची एक बाजू कापून आम्ही बाबांच्या खोलीत तिची जागा केली होती. त्यात जुन्या चादरी. बाजूला उकळून घेतलेली कात्री, जाड दोरा, बेटाडीन, टॉवेलांचा ढीग. बाईनं दोन दिवस खोक्याकडे पाहिलंही नाही. बाबांच्या पलंगाखाली जाऊन फरशी उकरत बसायची.

मंगळवारी सकाळी सहाला बाबांनी मला उठवलं. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आज जाऊ नकोस."

मला जायचं होतं. परदेशी क्लायंटची मीटिंग होती आणि महिनाभर मीच तिची तयारी करत होते. डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख अजून पाच दिवस लांब होती. मी मनाशी हिशेब केला, चोवीस तास म्हणजे उद्या पहाटेपर्यंत, आणि दुपारी तीनला तर मी परत येईन. बाबांनी वहीत आकडा लिहून त्याखाली रेघ मारली.

अकराला मीटिंग रंगात आली असताना फोन थरथरला. मी बाहेर येऊन उचलला.

"सुरू झालं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "कळा येतायत तिला. थरथरतेय. माझ्याकडे बघतेय."

मी लॅपटॉप तसाच उघडा सोडून खाली पळाले. सकाळी गाडी घरीच ठेवून आले होते; टॅक्सीत बसेपर्यंत डॉक्टरबाईंना फोन केला. त्या एका ऑपरेशनमध्ये होत्या. मदतनीस म्हणाली, बहुतेक कुत्र्या आपलं आपण करतात, अर्धा तास जोरात कळा देऊनही काही आलं नाही तर घेऊन या. खराडीहून वारजं म्हणजे अख्खं शहर आडवं ओलांडायचं. बाबांना मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला.

"आलं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "पिशवीत आहे. अगं, ती उठून बाजूला झाली! तिला कळतच नाहीये हे काय आहे."

"बाबा, ती पिशवी फाडायला हवी. लगेच. तोंडाकडून."

"हात लावू?"

"लावा!"

बंडगार्डनच्या पुलावर आम्ही अडकलो होतो. पुढे बस, मागे टँकर. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. फोनमधून टॉवेल घासल्याचा आवाज येत होता आणि बाबांचा श्वास. मग एक बारीक, चिरका आवाज आला, दार करकरावं तसा.

"ओरडलं," बाबा म्हणाले. "ओरडलं बघ."

"मॅडम, मुलगा की मुलगी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कुत्रीचं पिल्लू आहे हो."

तो म्हणाला, "ते असू द्या. पण झालं काय, मुलगा की मुलगी?"

मी बाबांना विचारलं. मुलगी होती.

घरी पोचले तेव्हा दोन पिल्लं झाली होती. दुसऱ्याच्या वेळी बाईला समजलं होतं. तिनं स्वतः पिशवी फाडली, नाळ तोडली, वार खाऊन टाकली आणि पिल्लाला चाटून चाटून लोळवलं. बाबांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. बाई खोक्यात नव्हतीच. ती पलंगाशेजारी जमिनीवर होती आणि तिच्याखाली एक मरून रंगाची लोकरी शाल होती. मी नीट पाहिलं. बाबांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल. इतकी वर्षं प्लास्टिकच्या कव्हरातून ती कुणी काढली नव्हती. आईनं एकदा थंडीत मागितली तर बाबांनी दुसरी दिली होती.

"फरशी गार होती," ते म्हणाले.

तिसरं दीडला आलं, चौथं वीस मिनिटांत त्याच्या पाठोपाठ. चारही दुधाला लागली. बाई डोकं टाकून झोपली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कारण आता संपलं असं मला वाटत होतं.

"पाचवं राहिलंय," बाबा दारात येऊन म्हणाले.

"बाबा, चार नक्की म्हणाल्या होत्या त्या."

"मी मोजलंय."

तीन वाजले, साडेतीन झाले. बाई उठली, गोल फिरली, पुन्हा कळा द्यायला लागली, पण त्यात जोर नव्हता. तिच्या मागून काळपट हिरवा स्राव आला. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या आता मोकळ्या होत्या. "आत्ताच्या आत्ता निघा," त्या म्हणाल्या. "पिल्लंही आणा, तिला त्यांच्यावाचून ठेवू नका."

चार पिल्लं गरम पाण्याच्या पिशवीवर टॉवेल घालून कपड्यांच्या टबात ठेवली. बाबा मागच्या सीटवर बसले, बाई त्यांच्या मांडीवर, टब पायाशी. पांढरा पायजमा होता त्यांचा. मी गाडी चालवत होते आणि खड्डे चुकवायचा प्रयत्न करत होते. वारज्याच्या पुलाखालच्या गतिरोधकावर मात्र गाडी दणकन आपटली.

"थांबव!" बाबा ओरडले. "पाय दिसतायत!"

मी गाडी एका उसाच्या गुऱ्हाळाशेजारी बाजूला घेतली आणि मागचं दार उघडलं. पिल्लू पायाळू येत होतं. बाबांनी शर्टाच्या टोकानं ते धरलं आणि बाईच्या कळेबरोबर हलक्या हातानं खाली ओढलं. आलं. फार लहान होतं, ओल्या मोज्यासारखं, आणि हलत नव्हतं.

बाबांनी त्याचं तोंड पुसलं, बोटानं आतला चिकटा काढला, टॉवेलात घेऊन पाठ चोळली. काही नाही. बाबांचा हात थांबला. "उशीर झाला," ते अगदी हळू म्हणाले.

मी त्यांच्या हातातून ते घेतलं. मला काही येत नव्हतं; मी नुसतं चोळत राहिले, पाठीवर, छातीवर, पुन्हा पाठीवर. माझ्या डोक्यात एवढंच होतं की सकाळी सहाला मला सांगितलं होतं, जाऊ नकोस. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्याचं तोंड उघडलं, माशासारखं, एकदाच. बाबा म्हणाले, "थांबू नकोस, थांबू नकोस!" दुसऱ्यांदा उघडलं. तिसऱ्यांदा त्यातून आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाईला आत नेलं, पुन्हा एक्स-रे काढला, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. टब आमच्या दोघांच्या मध्ये. पाचवं पिल्लू बाबांच्या बनियनच्या आत, छातीशी.

समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "तू झालीस तेव्हा मी ड्यूटीवर होतो."

"माहितीये बाबा. आई सांगायची."

"तिनं सगळं नाही सांगितलेलं. गेटवर निरोप आला होता. साहेब म्हणाले, जा. मी म्हटलं, पाळी संपवून जातो." त्यांनी बनियनवरून पिल्लू सावरलं. "काम तसं काही फार नव्हतं. मला भीती वाटत होती. संध्याकाळी पोचलो तर तू दुपट्यात, आणि तुझी आई म्हणाली, चहा घेतला का? एवढंच. जन्मभरात एकदाही बोलली नाही."

मी बनियनवरून पिल्लाच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला. बेटाडीनचा वास येत होता त्याला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "पोट रिकामं आहे. आई छान आहे. आजोबा, पाचवं होतं बरं का!"

"हो," बाबा म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

पाचवं पिल्लू मुलगी निघालं. बाकीची तीनशे ग्रॅमच्या आसपास, ही जेमतेम एकशे सत्तर. थोरली भावंडं तिला ढकलून द्यायची, म्हणून बाबा दर दोन तासांनी तिला उचलून मागच्या, भरलेल्या सडाला लावायचे आणि ती पिईपर्यंत बाकीच्यांना हातानं अडवून बसायचे. पहिले तीन दिवस तिचं वजन हललं नाही. मी घाबरून वाडग्यात ठेवलेलं पिल्लू आणि स्वयंपाकघरातला काटा यांच्याकडे बघत राहायचे. चौथ्या दिवशी सहा ग्रॅम वाढले. बाबांनी ही बातमी खडकीच्या तीन मित्रांना फोन करून दिली. सेक्रेटरीही एकदा 'केवळ पाहणीसाठी' आले, अर्धा तास पलंगावर बसले, आणि जाताना म्हणाले, "आवाज करतात म्हणून तक्रार आली आहे. कुणाची ते विचारू नका, मी फाडून टाकली."

दोन महिन्यांनी पिल्लांना घरं शोधली. घ्यायला येणाऱ्यांना बाबा समोर बसवून प्रश्न विचारायचे. घर भाड्याचं का? बदली झाली तर काय कराल? दिवसभर घरात कोण असतं? एका जोडप्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. चार गेली. बाईचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा मी सुट्टी टाकणार होते. बाबा म्हणाले, तू जा ऑफिसला, मी आहे. या वेळी मी गेले नाही. दवाखान्यात दोघंही गेलो.

पाचवी खराडीच्या एका मुलीनं नेली, आईवडिलांबरोबर राहणारी. ती जाताना बाबा गॅलरीत उभे राहून गाडी वळेपर्यंत पाहत होते.

दिवाळीनंतर ती मुलगी पाचवीला आम्हाला भेटवायला घेऊन आली. पिल्लू कुठलं, आता ती आईपेक्षा चार बोटं उंच झाली होती. बाईनं तिचा वास घेतला, मागून, पुढून, एकदा कानात. मग जांभई देऊन पलंगाखाली जाऊन पडली.

"ओळखलं नाही हिनं," बाबा जरा नाराजीनं म्हणाले.

पाचवी तोवर त्यांच्या पलंगावर चढली होती आणि पसरलेल्या वर्तमानपत्रावर ऐसपैस झोपायच्या तयारीत होती. बाबा तिला हाकलायला उठले, आणि तिच्या शेजारी जागा करून बसले.