पेव उघडताना

रेशनच्या दुकानातून आणलेली ज्वारी सुपात ओतली, की एक आंबूस, उबदार, मातकट वास घरभर पसरतो. साताऱ्यातल्या शेजाऱ्यांना तो नकोसा वाटतो. मी मात्र सूप पुढ्यात घेऊन थोडा वेळ तसाच बसतो. तो पेवातल्या धान्याचा वास आहे, आणि शेवटच्या दिवशी माझ्या दादाच्या अंगरख्याला तोच येत होता.

आमचे गाव वडूजच्या पलीकडे, कोरडवाहू. जमिनीत खोल खड्डा खणून, कडब्याचे अस्तर लावून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड दगडामातीने बंद करायचे, हे आमचे पेव. मिटलेल्या त्या अंधारात हवाही विषारी होते. म्हणून तोंड उघडल्यावर एक रात्र जाऊ द्यायची, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा आणि तो जळत राहिला तरच माणसाने उतरायचे, अशी रीत.

युद्धाच्या दिवसांत सरकारने लेव्ही बसवली. शहरांत धान्य नव्हते. ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडून घेऊन नसलेल्यांना द्यावे, यात गैर ते काय? मी तेव्हाही लेव्हीच्या बाजूचा होतो, आजही आहे. पण पेव उघडेल त्याच दिवशी धान्य गाडीत पडले पाहिजे, असा हुकूम ज्याने काढला त्याने पेव कधी पाहिले होते का? मी गावी पोहोचलो तो त्या दिवशी संध्याकाळी; वहिनीने मला सगळे नंतर सांगितले. कंदील खाली जाताच विझला. वसुलीचे साहेब म्हणाले, वाऱ्याने विझला असेल. साहेबांना नाही म्हणणे दादाला जमेना, आणि गड्याला उतरवायलाही मन होईना. तो स्वतःच उतरला.

ती ज्वारी मागाहून गेलीच. कुणाची तरी भूक तिने भागवली, हेही खरे.

पुढच्या साली दुसरे पेव उघडले तेव्हा मी गावी होतो. नवे साहेबही घाईतच होते. वहिनीने त्यांच्यासाठी लिंबाखाली घोंगडे अंथरले आणि म्हणाली, "बसा सायेब. यंदा कंदील म्हनंल तवा उतरायचं. आमची घाई करून झालीया."

साहेब देवळात मुक्कामाला राहिले. सकाळी कंदील तळाशी जाऊन संथ जळत राहिला. माणसे टोपल्या घेऊन उतरली, तरी वहिनीने हातातली दोरी सोडली नव्हती.

सुपातली ही ज्वारी कुठल्या गावची, ते दुकानदाराला ठाऊक नसते. तिचे पेव उघडताना कुणी रात्रभर थांबले असेल का, एवढेच माझ्या मनात येते. मग मी ती निवडतो आणि दळायला देतो.