बत्त्याचा घाव

सोमवारी दुपारी माझे पती वारले.

ते अंबडच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. तिथे नायलॉनचे दाणे तयार होत आणि त्यांपासून गाडीतल्या वायरी धरून ठेवणाऱ्या क्लिपा बनत. कोरडे नायलॉन ठोक्याला तडकते. त्यावर धंद्यात एक सोपा उपाय होता. गिऱ्हाइकाचा तपासनीस यायच्या आधी नमुन्याच्या क्लिपा पातेल्यात उकळायच्या. पाणी प्यायलेले नायलॉन काही काळ चिवट राहते. तपासनीस हातोडा मारतो, क्लिप टिकते, सगळे समाधानाने चहा पितात. पुढे इंजिनाच्या उष्णतेने ते पाणी उडून जाते आणि क्लिप कुणाच्या तरी गाडीत तुटते. तोवर बिल वटलेले असते.

माझ्या पतींना त्या पातेल्याची किळस होती. रबर नायलॉनमध्ये नुसते मिसळून भागत नाही. आधी त्याला एक रसायन जोडावे लागते, मग ते नायलॉनला धरून राहते आणि घाव सोसते, असे त्यांनी मला एकदा जेवताना समजावले होते. मी इतिहास शिकवत असे, तरी मला कळले. मालकांना एवढेच कळले की हे महाग पडते. पती कामावर होते तोवर माल त्यांच्या रीतीने निघाला; ते आजारी पडताच पातेले पुन्हा चुलीवर चढले.

तेराव्यानंतर मालक भेटायला आले. बरोबर सायखेड्याच्या मळ्यातल्या द्राक्षांची पेटी होती. सर म्हणजे ऋषी होते, असे म्हणून त्यांनी कोरडे डोळे पुसले आणि बिनसाखरेचा चहा मागितला. मग मुद्दा निघाला. नव्या मालाला सरांचे नाव द्यायचे होते आणि माहितीपत्रकासाठी त्यांचा फोटो हवा होता. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातली क्लिप फरशीवर ठेवली, आमच्या खलबत्त्यातला बत्ता मागून घेतला आणि हाणला. सुतक नुकतेच सरलेल्या घरात तो आवाज घुमला. क्लिप तुटली नाही.

"बघा वहिनी, सरांचाच माल."

पिशवी आतून ओली होती.

"एक रात्र कारखान्यातल्या दाणे सुकवायच्या ड्रायरमध्ये ठेवा," मी म्हणाले, "आणि उद्या हाच बत्ता मारा. तुटली नाही तर फोटो न्या."

त्यांनी बत्ता हळूच टेबलावर ठेवला. "सगळेच उकळतात हो, वहिनी."

"म्हणूनच तुम्हाला त्यांचं नाव लागतंय."

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा आता रागही येत नाही. पण आपल्या खोट्याला मेलेल्या माणसाचा टेकू शोधणाऱ्याला बसायला खुर्ची दिली, याचीच मला लाज वाटली. चहा त्यांनी संपवला. द्राक्षे परत न्या म्हटले, तर खरोखरच घेऊन गेले.

तो माल पुढे बाजारात आला. त्यावर माझ्या पतींचे नाव नाही.

त्यांनी बनवलेली एक क्लिप स्वयंपाकघराच्या खिडकीला आहे. खिडकीत दिवसभर ऊन असते. क्लिपने पडद्याची दोरी धरली आहे.