अप्पांच्या शेजारची जागा

आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवतात. मांडी घालून, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून, बेल आणि विभूती घालून, आपल्याच शेताच्या मातीत. त्यामुळं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना एक खोड असते. शेतात फिरता फिरता स्वतःसाठी जागा बघून ठेवायची. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, देवणीजवळच्या आमच्या शेतात ओढ्याकाठची, करंजाखालची जागा धरून ठेवली होती. "मला हितं बसवा बरं का. पाण्याचा आवाज ऐकत बसतो निवांत. तुमची कटकट तर ऐकू यायची न्हाई," असं म्हणून ते आईकडं बघून हसायचे. आई, म्हणजे आमची अव्वा, फणकारायची, "मी काय मागं ऱ्हाते व्हय? शेजारीच येऊन बसते. तिथं बी बोलनच."

पुढं अप्पा गेले. त्यांना तिथंच बसवलं. आणि अव्वाचं आयुष्यात एकच मागणं उरलं, माझी जागा त्यांच्या शेजारी. सोनं नको, तीर्थ नको, काही नको. ती एवढीशी जागा मी तिला देऊ शकलो नाही. का, ते सांगतो. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, नाहीतर डोकं फिरंल माझं.

ओढा म्हणजे काही नांदेडची गंगा नव्हे. पावसाळा सोडला तर एका उडीत ओलांडता यायचा. पण दिवाळीनंतर पाणी असं निवळायचं की तळातल्या काळ्या दगडावरचा खेकडा नांग्या हलवताना दिसायचा. पल्याडच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबायचे. करंजाच्या एका ठरलेल्या फांदीवर खंड्या बसायचा, निळाशार, लई तोऱ्यात. आपण पंधरा मिनिटं श्वास धरून बघावं आणि त्यानं सूर मारावा तो नेमका आपण नाक पुसताना. चैत्रात करंज फुलला की डोहावर जांभळट फुलांचा थर साचायचा आणि अप्पा तो हातानं बाजूला सारून ओंजळीनं पाणी प्यायचे. मीही प्यायलोय. गाळायचं वगैरे कुणाच्या डोक्यातसुद्धा यायचं नाही.

माझं उदगिरात कापडाचं दुकान. शेताकडं जाणं रविवारचं. एकदा दुकानात साखर कारखान्याचा एक माणूस आला. मळीपासून अर्क काढून झाल्यावर जे तपकिरी पाणी उरतं, ते तुमच्या शेतात सोडू का, म्हणाला. टँकर आमचा, डिझेल आमचं, तुम्ही नुसता ऊस बघा. फुकट ते पौष्टिक! आम्ही पिढीजात व्यापारी, गिऱ्हाइकाच्या चहातसुद्धा साखर बघून घालणारे. मी कशाला नको म्हणतोय? टँकरला वळायला जागा नव्हती, तर मी स्वतः उभं राहून बांध फोडून दिला. वर टँकरवाल्याला चहा पाजला.

त्या वर्षी ऊस असा आला की बघायला लोक यायचे. मीही मिशीवर ताव देत दाखवायचो. अव्वा एकदा शेतात आली आणि पदर नाकाला लावून उभी राहिली.

"ह्ये काय वतायलास रं रानात?"

"खत हाय अव्वा."

"खताला असला वास असतोय व्हय? शेणाला बी वास असतो. पर त्यानं मळमळत न्हाई."

मी हसलो. म्हातारं माणूस, काहीतरी बोलतंय. आग लागो त्या माझ्या हसण्याला.

दुसऱ्या पावसाळ्यात ते पाणी शेतातून उतरून, मी फोडलेल्या बांधातून ओढ्यात गेलं. एका रविवारी गेलो तर डोहावर मासे पोटं वर करून तरंगत होते, बोटाएवढे, शेकड्यानं. खेकडे पाण्यातून बाहेर येऊन दगडावर मरून पडले होते. पाण्यात जगणाऱ्या जिवाला पाण्याबाहेर पळावं लागलं. खंड्या मेला नाही, निघून गेला. आमच्यापेक्षा शहाणा. मी घाईघाईनं बांध बुजवला, टँकर बंद केला, कारखान्यात जाऊन भांडून आलो. पण उपयोग काय? वरच्या अंगाच्या चार शेतकऱ्यांनी तोवर टँकर लावले होते. एकाला मी चिडून विचारलं तर तो म्हणाला, "अण्णा, तुमचा ऊस बघूनच तर घेतलं." ओढा डिकाशनाच्या रंगाचा झाला तो झालाच. वर पिवळट फेस. करंज एका बाजूनं वाळायला लागला.

अव्वाचे गुडघे तोवर गेले होते. ती उदगिरात आमच्याजवळच असायची आणि तिला दर सोमवारी लिंगपूजेला ओढ्याचं पाणी लागायचं. रविवारी मी शेतावरून आलो की तांब्या पुढं करायची. मी काय करायचो, तर दुकानातल्या फिल्टरच्या जारमधून तांब्या भरून तिच्या हातात द्यायचो.

"ओढा कसा हाय रं?"

"हाय की. खळखळ वाहायलाय."

"आन् त्ये निळं पाखरू?"

"बसलेलं असतंय."

किती सराईतपणे! गिऱ्हाइकाला रंग पक्का आहे म्हणून सांगावं तसं. तीन वर्षं मी आईच्या देवाला जारचं पाणी घातलं.

मग अव्वा अंथरुणाला खिळली. एका दुपारी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "जारचं पाणी मला कळत न्हाई व्हय रं, येड्या? पयल्याच सोमवारी कळलं. त्याला चवच न्हाई." माझी मान वर होईना. ती माझा हात थोपटत राहिली. "तुला तोंड दावायला जागा ऱ्हावी म्हून गप बसले. पाणी नासलंय, मला ठाव हाय. वास मारत असंल. मारू दे. म्हाताऱ्याला लई दिस एकटं ठिवलंय. मला तिथंच बसव." मी रडत रडत तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला.

पाऊस सरता सरता ती गेली. तिला सजवून खुर्चीत बसवून, भजन म्हणत शेतात आणलं. खड्डा घेणारे दोघं पुढं आले होते. अप्पांच्या समाधीच्या ओट्यापासून दोन हातांवर खोदकाम चाललं होतं. छातीएवढं खोल गेलं आणि खालच्या मातीतून पाणी पाझरायला लागलं. तपकिरी. वर फेस. वास असा उसळला की भजन म्हणणाऱ्यांचे टाळ थांबले. खड्ड्यातला माणूस हात अंगापासून लांब धरून वर आला आणि म्हणाला, "अण्णा, हितं जमत न्हाई."

मी म्हटलं, उपसा. बादलीनं उपसलं. पुन्हा भरलं. परत उपसलं, परत भरलं. मग माझे मामा, अव्वाचे धाकटे भाऊ, हळूच म्हणाले, "मग दाजी..." आणि पुढचं त्यांच्या तोंडातून फुटेना.

सगळ्यांच्या नजरा अप्पांच्या ओट्यावर गेल्या. तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही, देवाशपथ. इतकी वर्षं अप्पा त्या पाण्यात मांडी घालून बसले होते.

विधी करायला आलेल्या स्वामींचे मी पाय धरले. म्हटलं, अप्पांना काढू, दोघांना वर माळाला बसवू. स्वामींनी मला उठवलं. "बसलेल्याला उठवत न्हाईत, अण्णा," एवढंच म्हणाले. मामा म्हणाले, तळाला दगड-मुरूम टाकू, वर मातीचा थर देऊ, पण अक्काला तिच्या जागेवरच बसवू, तिची इच्छा होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी नुसतं हाव म्हटलं असतं तर बसवलं असतं. अव्वा खुर्चीत होती, कपाळाला विभूती, डोळे मिटलेले. मी पायावर हात ठेवून शब्द दिला होता. पण त्या पाण्यात, माझ्या हातानं वाट काढून दिलेल्या त्या घाणीत, माझ्याच हातानं आईला ठेवायचं? नाही झालं माझ्याच्यानं.

"वर," मी म्हणालो. "माळाला."

माळाला मुरूम आहे. कोरडा, स्वच्छ. तिथं तिला बसवलं. लोक म्हणाले, बरं केलंस, जागा चांगली आहे. त्या दिवसापासून मामा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

आता दुकानात नवा तागा उलगडला की मला तो वास येतो. घरातली म्हणते, कुठं काय, कोऱ्या कापडाचा वास आहे. मी पुन्हा हुंगून बघतो. येतोच.

सोमवारी बेल घेऊन शेतात जातो. आधी अव्वाकडं, मग अप्पांकडं. पण उतार उतरून बांधापाशी आलो की पाय अडतात. अव्वाला बसवल्यापासून एकदाही मी अप्पांपर्यंत पोचलेलो नाही. बेल बांधावरूनच टाकतो आणि तो मधेच कुठंतरी उसात पडतो. मग मागं न बघता गाडीकडं चालायला लागतो. अव्वाला रीतीप्रमाणं पूर्वेला तोंड करून बसवलंय, आणि आमचा ओढा माळाच्या पूर्वेलाच, तिच्या समोर आहे.