परीक्षानळीतलं पिवळं आभाळ

जळगावच्या कॉलेजात रसायनाच्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले, तर आबा मला कायमची गावी, सावद्याला परत नेणार होते. आणि हे ध्यान, म्हणजे मी, काय करत होतं? लेड नायट्रेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड ओतून, परीक्षानळीत अलगद खाली बसणारा पिवळाधमक साका बघत हरवलं होतं! समीकरण मग घाईत खरडलं.

परीक्षक म्हणाले, "बाई, डावीकडे आयोडीन एक, साक्यात दोन. दुसरं आलं कुठून?"

"जुळं निघतं कधीकधी, सर. आमच्या केळीत निघतं."

ते खो खो हसले. "मग डावीकडेच जुळं दाखवा की!"

मी पोटॅशियम आयोडाइडच्या आधी दोनाचा आकडा लिहिला, पोटॅशियम नायट्रेटच्याही आधी लिहिला. त्यांनी 'पास' लिहून सही केली. बाहेर थांबलेले आबा एकटेच सावद्याला गेले. मी नळी उन्हात धरून पुन्हा हलवली.