त्याचं जेवण झालंय

देवावर माझा राग कधीच नव्हता. राग होता तो त्याच्या लाडांवर. आमच्या घरी पितळेचा एक रांगता बाळकृष्ण आहे, लिंबाएवढा. लग्नात आईला तिच्या आईनं दिला, आणि तेव्हापासून गेली बावन्न वर्षं आई त्याला भरवल्याशिवाय कधी जेवलेली नाही. ताप असो, प्रवास असो, बाबांना दवाखान्यात ठेवलेलं असो. आधी त्याची आंघोळ, मग त्याचं दूध-साखर, मग आईचा चहा. मी शाळेत गणित शिकवते आणि नाकावर राग घेऊनच जन्माला आले आहे, असं आमच्या मिरजेत सगळे म्हणतात. त्यामुळे चेन्नईहून निघणाऱ्या जहाजाची चार दिवसांची सहल मी आईसाठी ठरवली, तेव्हा पहिलं भांडण देवावरूनच झालं. जहाजावर निरांजन लावता येत नाही, उदबत्तीसुद्धा चालत नाही, नियमच तसा आहे. मी म्हटलं, शेजारी ठेवून जाऊ. आईनं रात्री बसून शेजारणीसाठी चिठ्ठीही लिहिली. सकाळी उठून म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी त्याला करमायचं नाही गं." झालं! चिठ्ठी त्याच्याच डब्यात घडी करून ठेवली, डबा कापडी पिशवीत, आणि निघाली आमची वरात.

आईची अट एकच होती. समुद्र नंतर, आधी तंजावर. तिथे आपली माणसं राज्य करून गेली, मराठी अजून बोलतात म्हणे, एकदा डोळ्यांनी बघू दे. म्हणून जहाजाच्या आधीचे दोन दिवस तंजावरला ठेवले होते. खरं सांगते, मी गेले होते ती आईचा हट्ट पुरवायला. पण त्या मोठ्या देवळाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि माझी बडबड थांबली. दुपार कलली होती. दगड दिवसभर तापून आता मधासारखे पिवळे झाले होते, पायाला ऊब लागत होती. शिखराकडे बघताना मान मागे, मागे, आणखी मागे जाते, आणि तरी ते संपत नाही. एवढा दगड कोणी कसा वर चढवला असेल याचं गणित मी मनात मांडायला लागले आणि सोडून दिलं. आई मात्र भिंतीवर मराठीत कोरलेल्या लांबलचक लेखासमोर उभी होती. एकेका अक्षरावरून, दगडाला न शिवता, बोट फिरवत होती. जुनं वळण, अर्धं लागत नव्हतं, पण एखादा शब्द लागला की माझ्याकडे वळून हसायची. नंतर हिरवळीवर बसून तिनं डबा उघडला आणि बाळकृष्णाला नंदी दाखवला. "बघ रे, केवढा बैल!" आजूबाजूची माणसं बघत होती आणि मी आकाशाकडे बघत होते.

अंधार पडायच्या आत आई दमली. देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर मी वाकून तिच्या चपला तिच्या पायात घातल्या, तिला हाताला धरून रिक्षात बसवलं. लॉजवर पोचताच ती आडवी झाली. झोपेतच पुटपुटली, "त्याला नीट ठेव." मी म्हटलं, "हो, ठेवते." सकाळी सामान आवरताना तिनं विचारलं, "देव घेतलेस ना?" मी बॅगेची चेन ओढत होते. वर न बघता म्हटलं, "हो गं, घेतले!" ही दोन वाक्यं मी किती सहज बोलले, ते आज लिहितानाही लाज वाटते.

त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत भाड्याच्या गाडीनं चेन्नईला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी जहाज. त्याआधी आईला तिरुवैयारुला कावेरी बघायची होती. तिच्या मनात आलं की आज त्याला लॉजच्या बादलीत कशाला, कावेरीच्या पाण्यानं आंघोळ घालू, आणि मग घाटावरच खाऊ. मधुमेहाची गोळी तिनं नेहमीप्रमाणे घेतली, कारण तासाभरात खाणं होणारच होतं. घाट सुंदर होता. पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, पाणी शांत, पलीकडे नारळी. आईनं पदर खोचला, खालच्या पायरीवर बसली, आणि मागे न बघता हात पुढे केला. "दे." मी पिशवी शोधायला लागले. मोठी बॅग, छोटी बॅग, गाडीची डिकी, सीटच्या खाली. आईचा हात तसाच पुढे होता.

मी आधी चिडले. चुकल्यावर मी आधी चिडतेच. "तूच कुठेतरी ठेवला असशील," असं मी तिला, भर घाटावर, चार माणसांसमोर म्हटलं. तिनं पदर सोडला, उठली, म्हणाली, "काल संध्याकाळपासून उपाशी आहे तो." बस्स, एवढंच. लॉजला फोन लावला, नाही म्हणाले. तरी गाडी वळवली आणि तंजावरला परत येऊन खोली उलटीपालटी केली. गाद्या उचलल्या, न्हाणीघर बघितलं. नाही. साडेअकरा वाजून गेले. आईच्या कपाळावर घाम आला होता आणि हात थरथरायला लागले होते. साखर खाली चालली होती. मी ग्लुकोजचं बिस्किट पुढे केलं, तिनं ओठ मिटून घेतले. मी विनवलं, ओरडले, रडले. "त्याच्या आधी नाही गं. जमायचंच नाही मला, घशाखाली उतरणार नाही." जहाज गेलं चुलीत, मला आता माझी आई हवी होती. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे आलं, की चपला घालायला वाकले तेव्हा पिशवी मी स्टँडच्या कठड्यावर ठेवली होती. त्यानंतर ती मी पाहिलेलीच नव्हती. आणि घाटावर मी आईवर आळ घेतला होता.

देवळाकडे जाताना गाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. श्लोक नाही, नवस नाही. सापड, असंही मागावंसं वाटलं नाही. रात्र गेली होती, एवढं लखलखीत पितळ कोण सोडतंय, असा माझा हिशेबी विचार. मी मनात एवढंच म्हटलं, "बाबा रे, जिथे असशील तिथे काहीतरी खा. तू खाल्लंस तर ही खाईल. मला बाकी काही नको." आई काचेला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती आणि मी तिचा गार हात धरून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, काहीतरी खा रे.

चपला सांभाळणाऱ्या बाईनं आम्हांला गाडीतून उतरताना बघितलं मात्र, आणि हात उंचावून ती तमिळमधून जोरजोरात बोलायलाच लागली. आमच्या ड्रायव्हरनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं ते असं: पिशवी तिनं काल उचलून ठेवली, कोणी आलं नाही म्हणून घरी नेली. सकाळी आत देव बघितला आणि चिठ्ठी बघितली. अक्षरं तिला समजेनात. रोज दर्शनाला येणाऱ्या एक मराठी अम्मा आहेत, त्यांच्याकडे मघाशीच दिली. पत्ता सांगून ती थांबली नाही. बाजूच्या बाईला स्टँड बघायला सांगून स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसली. राजवाड्याकडची एक गल्ली, दारात रांगोळी, ओसरीवर झोपाळा. दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी, नऊवारी नव्हे, साधं सुती पातळ, केसांत अबोली. आईकडे एकदा बघितलं आणि त्या म्हणाल्या, "आलां की! बैसा, बैसा. त्याचं जेवण झालंय. तुमचंच राहिलं दिसतं."

आई उंबऱ्यातच खाली बसली. "काय म्हणालात?" तिनं विचारलं. "जेवला हो. आत्ताच. अंघोळ कोमट पाण्याने, मग दूध-साखर, मग दहीभात. चिठ्ठीत लिहिलं होतं तसेंच सगळं." आणि मग अगदी गंभीर होऊन त्यांनी आईला विचारलं, "गार पाण्याने त्याला सर्दी होते काय हो?" आई हसली की रडली ते सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच झालं. त्या माउलीनं केळीच्या पानावर दहीभात आणला, वर लिंबाच्या लोणच्याची फोड, आणि आईनं पहिला घास घेतला. मी भिंतीला टेकून तिला जेवताना बघत राहिले. एवढं पोटभर समाधान मला स्वतःच्या जेवणानं कधी झालेलं नाही.

नंतर कळलं ते ऐकून मी थक्क झाले. अम्मांची मराठी घरातली, बोलण्यातली, पिढ्यान्‌पिढ्या इथे जपलेली. पण देवनागरी वाचायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. त्यांची सून तमिळ, तिला मराठी समजायची बेताचीच. तिनं लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या म्हणून अक्षरं वाचता यायची. मग सुनेनं एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, वाचते काय ते तिला धड कळत नव्हतं. आणि सासूबाईंनी ते ऐकून अर्थ लावला. अशी दोघींनी मिळून माझ्या आईची चिठ्ठी वाचली. "सकाळी कोमट पाणी. दुधात साखर जरा जास्त. दुपारी आधी त्याला, मग तुम्ही. रात्री पांघरूण घालावे." देव्हाऱ्यात त्यांच्या देवांच्या ओळीत आमचा गडी बसला होता, कपाळाला गंध, समोर दहीभाताची वाटी. आईला अजून एक शंका होती. "रात्रीचं काय?" ड्रायव्हरनं विचारलं तेव्हा चपला सांभाळणारी बाई लाजली. सकाळपर्यंत पिशवी तिनं उघडली नव्हती, पण चंदनगंधाच्या वासावरून आत देव असावा असं वाटलं होतं म्हणे. म्हणून रात्री फडताळात पिशवीपुढे एक केळं ठेवलं होतं. तिला कोणी चिठ्ठी वाचून दाखवली नव्हती. देव भावाचा भुकेला म्हणतात, ते मी वर्गात पोरांना सुविचार म्हणून फळ्यावर लिहायला लावलं आहे. त्या दिवशी ते मी पाहिलं.

तो नेमका किती वाजता जेवला, ते मी विचारलं नाही. गणिताची बाई असून विचारलं नाही. माझ्या गाडीतल्या बोलण्याशी वेळ जुळली असती तर काय, आणि नसती जुळली तर काय. तो जेवला होता आणि आई जेवली होती.

तीनला निघायचं म्हणून मी डबा पुढे केला. आई देव्हाऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग चिठ्ठी हातात घेऊन म्हणाली, "ही लिहिताना मला कळतच नव्हतं, आपण कोणासाठी लिहितोय." आणि अम्मांकडे वळून, मी जन्मात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते ती बोलली. "चार दिवस ठेवाल का याला? समुद्र बघून येते." अम्मांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "विचारायचं काय त्यांत? माहेरी आल्यासारखा राहील." आईनं त्याच्या गालावरून बोट फिरवलं, "त्रास देऊ नकोस बरं," म्हणाली आणि मागे न बघता गाडीत बसली.

जहाजाचं काय सांगू? दहा मजली वाडाच पाण्यावर चाललाय असं आई म्हणाली. पण माझ्या लक्षात राहिली ती पहिली सकाळ. चहूकडे पाणी, जमीन कुठेच नाही, फोनला रेंज नाही. तंजावरची खबर कळायला काही मार्गच नव्हता. आईच्या पुढे इडलीची बशी होती. तिचा हात सवयीनं थांबला. तिनं समुद्राकडे बघितलं, स्वतःशीच म्हणाली, "त्याचं झालं असेल," आणि घास तोंडात घातला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तिथेच कबुली दिली. "आई, मी बघितलंच नव्हतं. घेतले म्हणून खोटं बोलले. आणि वर तुझ्यावरच ओरडले."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "न बघता हो म्हणायची तुझी तऱ्हा मी लहानपणापासून ओळखते."

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

आई इडली चटणीत बुडवत होती. "विचारलं असतं तर तू चिडली असतीस गं."

देवाच्या बाबतीत ती धीट होती, माझ्या बाबतीत मात्र घाबरत होती, आणि इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, बाबा गेल्यावर तीच एक होती घरात.

परतताना आम्ही तंजावरला गेलो. बाळकृष्णाला चिमुकलं रेशमी वस्त्र मिळालं होतं आणि अम्मांच्या मते त्याचे गाल वर आले होते. चपलांच्या स्टँडवरच्या बाईसाठी आईनं जहाजावरून आणलेली चॉकलेटं दिली. तिनं त्यातलं एक तिथल्या तिथे सोलून आधी आईच्या तोंडात घातलं. त्या दोघी बायकांची नावं मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण रोज हात जोडताना घेते. देव वाचवायला आला, असं माझ्या आईनं एकदाही म्हटलेलं नाही. ती म्हणते, तो जेवायला गेला होता.

माझी श्रद्धा किती वाढली, मला मोजता येत नाही. एक बदल मात्र झाला आहे, तो सांगते. परवा आम्ही बहिणीकडे निघालो होतो. रिक्षा दारात, माझ्या हातात कुलूप. आईनं विचारलं, "देव घेतलेस ना?" मी कुलूप खाली ठेवलं, पिशवी उघडली, डबा काढला, झाकण उघडून त्याचं तोंड बघितलं, आणि मग म्हटलं, "हो आई, घेतले."