वाकळीचा घास

धारूरच्या डोंगरात जितके दगड असतील, त्याहून जास्त चिंध्या माझ्या सासूकडे होत्या. खोटं वाटत असेल तर दगड मोजून या, मी इथंच बसलेय. गावात कुणाचं लुगडं फाटलं, की त्याचा आवाज नेसणारीच्या आधी माझ्या सासूला ऐकू जायचा. पटक्याचं टोक, बाळाच्या अंगड्याची बाही, कुण्या खानसाहेबाच्या शेरवानीचा कोपर, सगळं तिच्या गाठोड्यात.

लग्नानंतरची माझी पहिली नागपंचमी तोंडावर आली होती. तिकडं माहेरी, दिंद्रुडला, माझ्या मैत्रिणी लिंबाला झोका बांधून माझी वाट बघत होत्या. पहिल्या पंचमीला पोर माहेरी गेली नाही तर लोक विचारतात, हिला सासरच्यांनी विहिरीत ढकलली की काय! मी भीतभीत सासूला विचारलं.

"जा की," सासू म्हणाली. "म्या कुटं न्हाई म्हणते? हातातली वाकळ तेवढी पुरी कर आन् जा."

मला वाटलं, एवढंच ना! चार चिंध्या जोडून तळहाताएवढा चौकडा करायचा, चौकड्याला चौकडा जोडायचा, खाली जुनं लुगडं घालून वरून धावदोरा मारायचा. मी सोप्यात बसले आणि सुई अशी पळवली, की मागं येणाऱ्या दोऱ्याला धाप लागली. पण कडेला आले रे आले, की सासू पाठीमागून मूठभर चिंध्या काढायची.

"एवढा एकच चौकडा ऱ्हायला बग."

वाकळ सोप्यात मावेना, अंगणात गेली. अंगणात मावेना, दारातून वेशीकडं निघाली. एका कोंबडीनं तिच्यात शिरून अंडी घातली, ती उबवली, आणि पिलं चालत चालत दुसऱ्या टोकाला बाहेर पडली, तेव्हा त्यांना तुरे फुटले होते. निजाम सरकारचा गिरदावर पीकपाणी बघायला आला, तो वेशीबाहेर घोडा थांबवून बघतच राहिला.

"ये कायकी फसल है?"

"चिंद्यांची, हुजूर," सासू म्हणाली.

"पानी?"

"पानी न्हाई लागत. सुनंच्या घामावर येती."

बिचाऱ्यानं वहीत जिरायत पीक लिहिलं आणि घोडा वळवला.

आता आमच्याकडची रीत सांगते. वाकळीला उपाशी ठेवायचं नाही. उपाशी वाकळ पांघरणाराला झोपू देत नाही. म्हणून मधल्या चौकड्याची एक बाजू उघडी ठेवतात. घरातल्या वडील बाईनं आपल्या हातानं तिथं भाकरीचा घास घालायचा आणि वरून टाके घालून टाकायचे. एकदा वाकळ जेवली, की मग तिला एक चिंधीही जोडायची नाही. हात धुतलेल्या माणसाला कुणी पुन्हा ताटावर बसवतं का? ही रीत मला सासूनंच शिकवली होती. आणि म्हणूनच ती सकाळपासून त्या मधल्या चौकड्यावर बैठक मारून बसायची. तिथंच निवडायची, तिथंच भांडायची, भाकरीही तिथंच खायची.

पंचमीच्या आदल्या दिवशी मला न्यायला भाऊ गाडी घेऊन आला. त्याला जेवायला वाढलं. सासूही आपल्या गादीवर, त्या मधल्या चौकड्यावर, भाकरी घेऊन बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "बाळा, वाकळ काय अजून झाली न्हाई. पुढल्या वरसाला बगू."

भावानं हातातला घास परत ताटात ठेवला. मी मात्र खाली मान घालून दाराकडं कान लावला. शेजारच्या मेंढरंवाल्या म्हातारीला मी सकाळीच पढवून ठेवलं होतं. मोबदला म्हणून तिच्या लाडक्या कोकराला माझ्या खणाचा गोंडा. म्हातारी वेळेवर ओरडत आली.

"अगं ए बया! शिंप्यानं रेशमी काठ उकिरड्यावर टाकलेत! पोरं पळवायलीत!"

सासू अशी उठली, की खालची धूळ वर गेली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. हातातला घास सुटला आणि बरोबर मधल्या चौकड्यावर पडला. ती वेशीपर्यंत पोचली नसेल, तोवर मी घास आत सारून चार टाके घातले, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

सासू हात हलवत परत आली. "कुटंयत काठ? शिंपी तर घोरायलाय." मग तिची नजर खाली गेली. "हे काय केलंस गं?"

"आत्याबाई, घास तुमच्या हातचा. तुमीच घातला. म्या निस्ता झाकला."

सासूनं म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं शपथेला गळ्याचा चिमटा घेतला. "ह्या डोळ्यांनी बगितलं बया. वाकळ जेवली. ढेकर तेवढी मला ऐकू आली न्हाई, कानानं कमी हाय मी."

भाऊ ताटावरून उठून गाडी जुंपायला पळाला. सासूनं वाकळीचा काठ हातात धरला आणि कडेकडेनं चालत निघाली. शेवटच्या कोपऱ्यापाशी थांबली आणि खदाखदा हसली.

"पोट भरलं म्हणतीस, बरं. पर हा कोपरा उगडाच ऱ्हायला की. जा, झोके घे. आल्यावर शिवू."

तिचं मन फिरायच्या आत मी गाडीत उडी मारली.

दिंद्रुडला मी इतका उंच झोका घेतला, की मला धारूरचा किल्ला दिसला, आणि किल्ल्याखाली चिंध्या गोळा करणारी सासूही दिसली. आईला सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, ती माझी पाठ थोपटील. तिनं कपाळावर हात मारला.

"कोपरा उगडा ठिवून आलीस? अगं येडे, उगड्या तोंडाला पुन्ना भूक लागती!"

परत आले तेव्हा सासू सोप्यात बसलेली. उघड्या कोपऱ्याला नवा चौकडा जोडून झालेला, शेजारी कमरेएवढा चिंध्यांचा ढीग.

"आलीस का? बस. हिला भूक लागली बग."

मी मुकाट्यानं बसले, सुईत दोरा ओवला. आईनं वाटेत खायला बांधून दिलेल्या भाकरीचा एक तुकडा मी आधीच ओच्यात खोसून ठेवला होता. आता तेवढा तो सासूच्या हातात कसा द्यायचा आणि तिथून वाकळीत कसा पाडायचा, हे ठरवायला अख्खं वर्ष पडलं होतं.